झोपलेल्या मुलाची चाल

आधी वार लिहितो. तारखा कागदांवर आहेत आणि कागद माझ्या कपाटात आहेत. ज्यांना पडताळायच्या असतील त्यांनी मस्कतच्या वादी कबीरला येऊन खुशाल पाहाव्यात.

रविवार. प्रकल्प व्यवस्थापकांचे परिपत्रक: यापुढे क्रेनला द्यायच्या सर्व सूचना केवळ इंग्रजीतून दिल्या जातील आणि उचलणीपूर्वीची ‘चालणी’, म्हणजे चालण्याचा सराव, तत्काळ बंद करण्यात येत आहे.

मंगळवार. सिग्नलमन यासीन परकार यांना ताकीदपत्र: कामाची गती असमाधानकारक.

गुरुवार. यासीन परकार यांना इब्रीच्या साईटवरून काढून मस्कतला पाठवले. गेटवर पास जमा केल्याची पोच त्यांनी घेतली. तिची प्रत माझ्याकडे आहे.

पुढचा सोमवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. सात टनांचा पंप काँक्रीटच्या चौथऱ्यावर उतरवताना हंगेरियन फिटर लास्लो यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली.

बुधवार. अपघाताचा अहवाल. त्यातील सहाव्या रकान्यात, ‘अपघातसमयी सिग्नल देणारी व्यक्ती’ या शब्दांपुढे नाव: यासीन परकार.

गुरुवारी ज्याचा पास काढून घेतला, त्या माणसाने सोमवारी दोनशे ऐंशी किलोमीटरवरून क्रेन कशी हलवली, हे अहवालात सांगितलेले नाही.

मी ज्यांना जबाबदार धरतो ते असे. पहिले, प्रकल्प व्यवस्थापक. दुसरे, अहवालावर सही करणारे सुरक्षा अधिकारी. तिसरे, तो अहवाल न वाचता स्वीकारणारे सल्लागार अभियंता. चौथे, माझी पाच पत्रे ‘नोंद घेतली आहे’ या तीन शब्दांत गाडणारे मुख्य कचेरीतील अधिकारी. नावे मला ठाऊक आहेत. कायद्याचे भान ठेवून येथे केवळ हुद्दे देतो. पाचवा जबाबदार मी स्वतः आहे. त्याचे कारण योग्य जागी येईल. ते मी टाळणार नाही.

मी वकील नाही. त्या साईटच्या कचेरीत कंत्राटाचा पत्रव्यवहार मी सांभाळत असे आणि कलमांशिवाय बोलत नसे, म्हणून यासीनभाई मला ‘वकीलसाब’ म्हणत. काम निम्म्यावर आले असताना माझी साठी भरली, मी निवृत्त झालो आणि वादी कबीरला मुलाकडे राहू लागलो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, सोडा आता.’ सोडले असते. परंतु मला तो माणूस सोडत नाही.

सिग्नलमन म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये बसतो. ओझे जेथे टेकायचे ती जागा त्याला पुष्कळदा दिसतच नाही. खाली उभा असलेला एक माणूस हाताने आणि रेडिओवरून त्याला सांगतो: वर, खाली, डावीकडे, थांब. वरच्याचे डोळे खालच्याच्या तोंडात असतात. यासीनभाई सव्वीस वर्षे आखातात हे काम करत होते आणि त्यांच्या ओझ्याखाली एकाही माणसाचे नखसुद्धा दुखावले गेले नव्हते.

मूळचे ते दाभोळच्या खाडीकाठचे. वडील मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. ‘मचवा धक्क्याला लावायचा तर शेवटचं चार हात पाणी दिवसभराच्या वाटेपेक्षा मोठं,’ हे वडिलांचे वाक्य ते दर आठवड्याला एकदा तरी ऐकवत. बुटक्या बांध्याचे, गळ्यात पांढरा पंचा, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ. खजूर खाल्ला की बी सदऱ्याच्या खिशात. खाली टाकली तर कुणाचा तरी पाय घसरेल. धावताना त्यांना कोणी पाहिले नाही. संध्याकाळी कँपच्या बसचा चालक हॉर्न वाजवून आणि ‘यल्ला’, म्हणजे ‘चला लवकर’, ओरडून दमला तरी हात पाठीशी बांधून ते आपल्या चालीने येत आणि चढताना चालकाला म्हणत, ‘यल्ला हा शब्द अरबांनी नाही, मुकादमांनी शोधला.’

चिडत ते फक्त एका गोष्टीवर. कोणी नुसते ‘हळू’ म्हटले की.

त्या चिडण्याचा उगम मी डोळ्यांनी पाहिला आहे. क्रेनवर संगमेश्वरचा तुकाराम होता. एकदा मोठा व्हॉल्व्ह उतरवायचा होता आणि यासीनभाईंनी त्याला विचारले, ‘तुक्या, शेवटची वीतभर कशी आणशील?’

‘हळू.’

‘हळू म्हणजे कसं?’

‘म्हणजे… तिरडी चालते तसं.’

‘वाट लागली!’ यासीनभाईंनी कपाळावर हात मारला. ‘अरे, तुमची तिरडी चालते हळूहळू. आमच्यात मयत झपाझप नेतात, रेंगाळू नये म्हणतात. उद्या मी म्हणालो मयतीच्या चालीनं, आणि तू आणलास माझ्या मयतीच्या चालीनं, तर खाली खरीच मयत!’

सगळे हसले. यासीनभाई हसले नाहीत. त्यांनी तुकारामला केबिनमधून खाली उतरवले, वाळूत उभे केले आणि सांगितले, ‘चालून दाखव. तुझं हळू मला चालून दाखव.’ तुकाराम लाजत लाजत दहा पावले चालला. मग यासीनभाई आपले हळू चालले. दोघांच्या दहा पावलांत चांगले सहा-सात हातांचे अंतर पडले. त्या सहा हातांत कोणाचाही पाय, हात, डोके येऊ शकले असते, हे प्रत्येकाला दिसले.

तेव्हापासून चालणी सुरू झाली. प्रत्येक मोठ्या उचलणीपूर्वी क्रेनवाला, दोरवाले, फिटर, जो कोणी ओझ्याजवळ असेल तो, सारे एका रांगेत उभे राहत आणि ठरलेल्या गतींनी रिकाम्या हाती दहा-दहा पावले चालत. गती चार होत्या आणि त्यांना यासीनभाईंनी शब्दकोशातली नावे न देता अंगाला ठाऊक असलेली नावे दिली होती. पहिली ‘रस्ता’: मोकळ्या रस्त्यावर चालतो तशी. दुसरी ‘बाजार’: इब्रीच्या बाजारात शुक्रवारी संध्याकाळी खांद्याला खांदा लागतो तशी. तिसरी ‘चहा’: काठोकाठ भरलेला कागदी पेला हातात घेऊन चालावे तशी. आणि चौथी, शेवटच्या वीतभरासाठी, ‘मूल’.

‘मूल’ म्हणजे मांडीवर झोपलेले मूल उचलून अंथरुणावर ठेवणे. ‘मला तीन मुली,’ ते एकदा म्हणाले. ‘दोन वर्षांनी एक महिना घरी. बाप म्हणून मला दुसरं काही धड जमलं नाही वकीलसाब, पण झोपलेली पोर जागी न होता खाली ठेवायची, हे जमलं.’ या गतीवर कधी कोणाचे भांडण झाले नाही. मलबारी, बंगाली, मराठी, हंगेरियन, सर्वांची पावले तेथे एक होत.

हंगेरियन म्हणजे लास्लो. पंप त्यांच्या देशातून आले होते आणि ते बसवून देण्यासाठी कारखान्याने त्यांना पाठवले होते. पन्नाशी उलटलेले, लालबुंद मानेचे, मोजके आणि मोडके इंग्रजी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनाही रांगेत उभे केले तेव्हा मला वाटले, आता हे भडकणार. ते चालले. चौथ्या गतीला त्यांनी दोन्ही हात खरोखर छातीशी घेतले, जणू त्यांत काही आहे. मग म्हणाले, ‘लश्शान यार्य, तोवाब एर्स.’

‘काय म्हणतो हा?’ यासीनभाईंनी मला विचारले. लास्लोंनी तोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला: हळू चाल, दूर पोहोचशील.

त्या दिवशी संध्याकाळी यासीनभाईंनी इब्रीच्या बाजारातून शाळकरी मुलांची एक लांब वही आणली आणि तिच्यात तीन रकाने आखले. इंग्रजी, हंगेरियन, मराठी. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम बंद ठेवण्याचा येथील नियम आहे. ते तीन तास इतर माणसे कँपच्या वातानुकूलित खोलीत आडवी होत. हे दोघे टेबलाशी बसून गतीचे शब्द गोळा करत. लास्लो डावखुरे होते. डाव्या हाताने, वही तिरकी धरून, ते आपला रकाना भरत. इंग्रजी रकाना माझ्याकडे होता आणि मराठी यासीनभाईंकडे. मी तेथे केवळ लेखनिक होतो.

गोगलगाय तिन्ही रकान्यांत निघाली. इंग्रजीत गोगलगायीची चाल, त्यांच्याकडे ‘चिगातेम्पो’, आपल्याकडे गोगलगाय आहेच. ‘बघा, तीन मुलखांचं एकमत,’ यासीनभाई खूश झाले. डोळ्याचे पाते लवण्याइतका वेळही तिन्हीकडे सापडला. मग वेगाचे शब्द आले. इंग्रज म्हणतो, मान मोडेल अशा वेगाने. मी ते लिहिले. लास्लोंनी ‘लोहलालाबान’ असे लिहून त्याचा अर्थ सांगितला: घोडा मरेल अशा घाईने.

‘घोडा का मेला?’

‘स्वार फार घाईत होता,’ लास्लो म्हणाले.

यासीनभाईंनी पेन्सिल दातांत धरून विचार केला आणि मराठी रकान्यात लिहिले: ऊर फुटेस्तोवर. मग तिन्ही रकान्यांवरून पेन्सिल फिरवली.

‘वकीलसाब, एक गंमत बघितलीत? इंग्रजाची मान मोडली, याचा घोडा मेला, आपला ऊर फुटला. घाईच्या प्रत्येक शब्दात कोणीतरी मरतंय. आणि सावकाशीच्या शब्दांत बघा: गोगलगाय, कासव. सगळी जिवंत.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुमच्या पत्रांत काय लिहिता तुम्ही? त्वरित, तातडीनं, विनाविलंब, लवकरात लवकर. एका पत्रात मी पाच वेळा मोजलं. एकदा तरी हळू लिहा की!’

मी म्हणालो, ‘कंत्राटात हळू हा शब्द नसतो, यासीनभाई.’

‘मग माणसं कुठल्या कलमात असतात?’

मी इंग्रजी रकान्यातला पुढचा शब्द लिहायला घेतला.

आता प्रकल्प व्यवस्थापकांविषयी. ते आमचेच, मराठी. हुशार, कामसू, दिवसाला चौदा तास राबणारे. हे न लिहिणे अन्यायाचे होईल. एका सकाळी ते पाहणीला आले तेव्हा चालणी चालू होती. गाडीच्या खिडकीतूनच ते ओरडले, ‘काय परकार, वरात कुणाची? नवरदेव दिसत नाही!’

‘नवरदेव वर टांगायचाय साहेब,’ यासीनभाईंनी हुकाकडे बोट दाखवले. ‘सात टनांचा. तुम्ही ओझ्याजवळ उभे राहणार असाल तर तुम्हालाही चालावं लागेल.’

साहेब उतरले. सर्वांसमोर नाही म्हणणे त्यांना बरे दिसले नसावे. ‘चहा’ची पाळी आली तेव्हा कोणीतरी उत्साहाने खराच भरलेला पेला त्यांच्या हातात दिला. चौथ्या पावलावर चहा शर्टावर आला. तुकारामला हसू आवरले नाही. यासीनभाई अत्यंत गंभीरपणे, पंचा पुढे करून म्हणाले, ‘काही नाही साहेब, पहिल्यांदा सगळ्यांचा सांडतो. पुन्हा चाला.’

साहेब पुन्हा चालले नाहीत. त्या दिवसापासून परकार हे नाव त्यांच्या तोंडी आले की ओठांची एक कड खाली जात असे. हे मी अनुमान म्हणून लिहितो, पुरावा म्हणून नव्हे.

पुरावा पुढे आहे आणि तो माझ्या हस्ताक्षरातला आहे.

काम दोन महिने मागे पडले होते. खरी कारणे दोन: पाइप वेळेवर आले नाहीत आणि नकाशे तीनदा बदलले. मालकांना त्याचे स्पष्टीकरण देणारे पत्र मला तयार करायचे होते. व्यवस्थापक म्हणाले, ‘दोनच कारणं लिहिली तर आपलीच चूक दिसते. यादी लांबवा. किरकोळ काय काय ते घाला.’ मी यादी लांबवली. अकरावे कारण मी असे लिहिले: प्रत्येक उचलणीपूर्वी कामगारांच्या चालण्याच्या सरावात जाणारी सुमारे वीस मिनिटे. मला ते वाक्य निरुपद्रवी वाटले. पान भरले, एवढेच त्या दिवशी माझ्या मनात होते. त्यानंतर आठ-दहा दिवसांत मी निवृत्त झालो. मला हार घातला, यासीनभाईंनी खजुरांचा डबा दिला.

मालकांच्या सल्लागारांचे उत्तर आले. पाइपांविषयी एक ओळ, नकाशांविषयी काही नाही आणि अकराव्या कारणाविषयी संपूर्ण परिच्छेद: हा अनावश्यक प्रघात त्वरित बंद करावा. त्यावरून रविवारचे परिपत्रक निघाले. मी पाचवा जबाबदार का, ते आता वाचकांना कळले असेल. ज्या वीस मिनिटांनी माणसे सांभाळली जात होती, ती मी विलंबाच्या यादीत घातली.

परिपत्रक आल्यावर यासीनभाईंनी विरोध केला तो भाषेला नव्हे. ‘इंग्रजीतून बोला म्हणता, बोलतो. स्लो म्हणायचं, स्लो म्हणतो. पण स्लो चालून दाखवल्याशिवाय मी ओझं उचलणार नाही,’ एवढेच ते म्हणाले. सोमवारी त्यांनी चालणी घेतली. मंगळवारी ताकीदपत्र आले. बुधवारी त्यांनी पुन्हा चालणी घेतली. गुरुवारी पास गेला.

त्यांच्या जागी दोन दिवसांत दुसरा सिग्नलमन आणला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याचे प्रमाणपत्र अद्याप यायचे होते आणि त्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. उचलणीच्या परवान्यावर नाव मात्र अजून यासीन परकार यांचेच होते. प्रमाणपत्र नसलेला माणूस उभा केला होता, हे उघड झाले असते तर कामच बंद पडले असते. म्हणून परवान्यावरचे नाव उचलले आणि अहवालात ठेवले. यापेक्षा गूढ असे यात काही नाही.

आता तो सोमवार. मी येथे साक्षीदार म्हणून लिहीत आहे आणि शब्द तोलून लिहीत आहे.

सकाळी दहाच्या सुमारास यासीनभाई मस्कतच्याच दार्सैतहून टॅक्सीने माझ्याकडे आले. तेथे एका गाववाल्याच्या खोलीवर ते उतरले होते. ताकीदपत्राला उत्तर द्यायचे होते. ते सांगत होते, मी लिहीत होतो. ‘गती असमाधानकारक’ या शब्दांना काय उत्तर द्यावे, यावर आम्ही अडलो होतो. माझी अडीच वर्षांची नात त्यांच्या वहीत रेघोट्या ओढता ओढता त्यांच्या मांडीवर झोपली. ते म्हणाले, ‘थांबा, आधी हिला ठेवतो.’ उठले, आतल्या खोलीत गेले. तेवढ्या आठ पावलांना त्यांना किती वेळ लागला, हे मी पाहत बसलो होतो. ती जागी झाली नाही. नेमके अकरा चाळीस झाले होते असे मी शपथेवर सांगणार नाही. साडेअकरा वाजून गेले होते आणि बारा वाजायचे होते, हे सांगेन.

बारा वाजून पाच मिनिटांनी तुकारामचा फोन आला. तो रडत होता. साडेबाराच्या सुट्टीआधी पंप बसवायचाच, असा हुकूम होता. ‘खालच्यानं स्लो म्हटलं, मी स्लो केलं, यासीनभाई. पण त्याचं स्लो आणि माझं स्लो आम्ही चालून बघितलंच नव्हतं हो. लास्लोसायब बोल्टची भोकं जुळवत होते…’

यासीनभाईंनी एकच विचारले. ‘कुठला हात?’

‘डावा.’

त्यांनी फोन माझ्याकडे दिला. टेबलावरची वही मिटली आणि तिच्यावर तळहात ठेवून बसून राहिले. ‘तो डाव्या हातानं लिहितो,’ ते म्हणाले. ‘मी तरी सांगत होतो,’ असे ते त्या दिवशी म्हणाले नाहीत. नंतरही नाहीत. ते मी म्हणतो.

बुधवारचा अहवाल आम्हाला पुढच्या आठवड्यात पाहायला मिळाला. सहावा रकाना वाचून त्यांना प्रथम हसूच आले. ‘म्हणजे मी इथं बसून तिथं सिग्नल दिला? एवढी गती होती माझी, तर ताकीद कशाला दिलीत?’ मग हसू ओसरले. त्यांचे प्रमाणपत्र रद्द झाले. तीन कंपन्यांनी मुलाखतीला बोलावले आणि अहवाल पाहून परत पाठवले. इस्पितळातून लास्लोंनी लेखी जबाब दिला, हंगेरियनमध्ये आणि इंग्रजीतही: यासीन तेथे नव्हता, असता, तर मी हे उजव्या हाताने लिहिले नसते. तो जबाब अहवालाला जोडलेला नाही. जोडलेल्या कागदांच्या यादीत त्याचा उल्लेखही नाही. मी पाच पत्रे लिहिली. पाचही वेळा नोंद घेतली गेली.

यासीनभाईंना लढायचे नव्हते. त्यांची मागणी मी त्यांच्याच शब्दांत देतो. ‘काम नको वकीलसाब. माफी नको. फक्त त्या कागदावरून माझं नाव काढा. उद्या खाडीवर कोणी विचारलं, त्या गोऱ्याची बोटं तुझ्या हातानं गेली ना, तर मी काय चालून दाखवू?’

ते गावी परत निघाले त्या दिवशी सकाळी मी दार्सैतला पोहोचलो तेव्हा सामान टॅक्सीत चढले होते. देवळाकडून बायका परत येत होत्या, गल्ली गजबजलेली होती. इतक्यात दुसऱ्या टॅक्सीतून लास्लो उतरले. डाव्या हाताला कोपरापर्यंत पांढरे बँडेज. यासीनभाईंनी पिशवीतून वही काढून टॅक्सीच्या टपावर उघडली आणि पेन्सिल पुढे केली. लास्लोंनी ती उजव्या हातात घेतली.

एक ओळ लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल! अक्षरे पहिलीतल्या मुलाची असावीत तशी, वाकडी, वर-खाली. मागे गाड्या तुंबल्या. टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून ओरडला, ‘यल्ला, यल्ला, विमान चुकेल!’ यासीनभाईंनी वहीवरची नजर न काढता डावा तळहात उंच धरला. सव्वीस वर्षे ज्या तळहातापुढे क्रेन थांबल्या, त्याच्यापुढे हॉर्नही थांबला. मागची गाडीही थांबली. ओळ पूर्ण होईपर्यंत तो हात खाली आला नाही.

‘लश्शू वीझ पार्तोत मोश,’ लास्लोंनी वाचून दाखवले. संथ पाणी काठ खाऊन टाकते. इंग्रजी रकाना मी तेथेच भरला. मराठी रकान्यासमोर यासीनभाई अडले. ‘थेंबे थेंबे तळे साचे?’ मी सुचवले. ‘छे. ते साचतं. हे कापतं.’ त्यांनी वही माझ्या हाती दिली. ‘तुम्हीच भरा. सावकाश.’ आणि हात पाठीशी बांधून, आपल्या नेहमीच्या चालीने, टॅक्सीचे दार उघडून बसले.

तो रकाना अद्याप रिकामा आहे.

वर चौघांना जबाबदार धरले आहे. त्या चौघांना माझी ही सहावी मागणी आहे आणि ती पत्राने नाही, चारचौघांत आहे, कारण पत्रांचे काय होते ते मी पाहिले. मला खुलासा नको, सहानुभूती नको, नोंद तर नकोच. एका प्रश्नाचे उत्तर द्या, सही करून, जेथे कोणालाही वाचता येईल अशा जागी द्या: त्या सोमवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पंपाजवळ उभे राहून सिग्नल कोण देत होते?

अकरावे कारण कोणी लिहिले, या प्रश्नाचे उत्तर मी दिले आहे. नाव विचारा, नावही देतो. आता तुम्ही सांगा. घाई करू नका. परंतु सांगा.